भगतिणीची शरदातली पथ्यं

नववा महिना, दुसरा दिवस

हे मी सांगते आहे आणि माझी सून मिरान लिहिते आहे. मला अक्षर येत नाही. चौऱ्याहत्तर वर्षं त्यावाचून काही अडलं नाही, आता अडलं. तारीख चंद्राची घालायची की सरकारची, यावरून आमचं आत्ताच वाजलं. वही तिची, पेन तिचं, पण दिवस माझे, म्हणून चंद्राची घातली.

गेले दोन महिने छातीत धडधडतं. झोप येत नाही, आणि बसल्या जागी असे उसासे निघतात की मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने यंत्र लावून बघितलं. म्हणाली, "आजी, हृदय ठणठणीत आहे. मनावर काही आहे का?"

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं लोकांच्या मनावरचं उतरवते आहे. उतरवलेलं कुठेतरी ठेवावं लागतं ना."

ती हसली आणि तिने एक छापील कागद दिला. मिरानने तो वाचून दाखवला. रोज अर्धा तास चालावे. पुडीची कॉफी दिवसाला एकच. मनात येईल ते वहीत लिहावे. शेवटी होतं, स्वतःशी प्रेमाने वागावे. ते मी दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे काय करायचं असतं?"

"ते नाही लिहिलेलं," मिरान म्हणाली.

मिरान देवळात जात नाही, चर्चमध्ये जाते. अंगात येणारी सासू आणि रविवारी गाणी म्हणणारी सून एका छपराखाली सोळा वर्षं आहोत. माझा मुलगा थेसिक बेटाबाहेरच्या मोठ्या बंदरावर जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, शनिवारी घरी येतो, आणि आम्ही दोघी कशा नांदतो हे त्याने कधी विचारलेलं नाही. शहाणा आहे. मिरानची लिहिण्याची अट एकच. माझ्या देवांची नावं ती पूर्ण लिहिणार नाही. "सेनापती एवढंच लिहीन. पुढचं-मागचं काही नाही." मी कबूल झाले. तिच्या पाद्र्याच्या केसांच्या टोपावर मी बोलायचं नाही, हेही तिने पदरात पाडून घेतलं. बघू किती दिवस जमतं.

नववा महिना, पाचवा दिवस

बांधावरून चालून आले. भात अर्धं कापून झालंय. तेंदूची झाडं मुठीएवढ्या फळांनी लाल झालीत. नर्सबाईला वाटतं हे बघून मन हलकं होतं. मला हे बघितलं की धडधड वाढते, कारण नवा तांदूळ म्हणजे माझं काम.

मिरानला हे मी कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. वर्षभर आम्ही लोकांसाठी नाचतो. कुणाचा बुडालेला नवरा, कुणाचं न जन्मलेलं मूल, कुणाची रुसलेली सासू, सगळे आमच्या तोंडून बोलतात, रडतात, आणि रडणारे निघून गेले तरी रडणं आमच्याकडे राहतं. शरदात ते वर येतं. म्हणून नवा तांदूळ आला की भगतिणीने एकदा स्वतःसाठी देवकार्य घालायचं. यात मेख अशी की स्वतःचं स्वतः करता येत नाही. दुसऱ्या भगतिणीने येऊन ढोल वाजवायचा, गायचं, देव अंगात घ्यायचे. आपण गिऱ्हाइकासारखं चटईवर बसायचं, हात जोडून चोळत देवांना विनवायचं, आणि देव विचारतात, तुझं कसं चाललंय गं, माझ्या लेकी. वर्षातून तेवढा एकच दिवस मला कुणी असं विचारायचं.

तीन वर्षं ते झालेलं नाही. म्हणून धडधडतं. मिरान, ठळक लिही. यंदा दहाव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी करायचं.

"करणार कोण?" मिरानने विचारलं.

माझी गाणी उत्तरेकडची. लढाईत नदीपलीकडून पळून आलेल्या म्हातारीकडून शिकलेली. ती ओळीने येणारी या बेटावर माझ्याशिवाय एकच बाई आहे.

"कोण?"

"मीठ संपलंय का बघ," मी म्हटलं.

नववा महिना, सातवा दिवस

शेजारच्या बेटावरच्या भगतिणीकडे जाऊन आले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पापण्या खोट्या. ती म्हणाली, "मावशी, करते की. उत्तरेकडची गाणी मला येत नाहीत, पण सीडी आहे."

माझे देव सीडीवर नाचायला लागले तर मी त्यांना घराबाहेर काढीन.

निघताना तिने विचारलं, "तुमची एक देवलेक होती ना? पाय कापला ती?"

"होती," मी म्हटलं, आणि दोन कप पुडीची कॉफी प्यायले. नर्सबाईला सांगायचं नाही.

नववा महिना, नववा दिवस

गुमोकचं सांगते, म्हणजे ही वही पुढे सरकेल. मिरानला अर्धं माहीत आहेच.

देवलेक म्हणजे जिच्या अंगात देव उतरताना आपण सुईण होतो ती. गुमोक माझ्याकडे आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. दोन वर्षं अंथरुणात, अन्न जात नव्हतं, डॉक्टर थकले होते. तिच्या दीक्षेच्या दिवशी मी रीतीप्रमाणे घुंगरांचा जुडगा लपवला. जी खरी असते तिला देव दाखवतात कुठे आहे ते. मी चुलीतल्या राखेत पुरला होता. गुमोक डोळे मिटून अंगणातून सरळ चुलीशी गेली आणि कोपरापर्यंत हात घातला. मी पाहिलेल्या दीक्षांमध्ये तशी दुसरी नाही.

अकरा वर्षं माझ्याबरोबर राहिली. अकराव्या शरदात म्हणाली, "आई, दहा दिवस सुट्टी द्या. काही झालं नाहीये. नुसती झोपते. लोकांचं रडणं गळ्यापर्यंत आलंय."

मी म्हटलं, "देव कधी सुट्टीवर गेलेले ऐकलेस?"

तिने मान खाली घातली आणि ढोल उचलला.

चार दिवसांनी माझं शरदातलं देवकार्य होतं, आणि ते ती करत होती. आमच्यात शेवटी पात्यांवर चढायचं असतं. कडबा कापायची दोन लांब पाती, धार वर करून बांधलेली, त्यावर अनवाणी उभं राहायचं. सेनापती अंगात असला की पायाला ओरखडाही येत नाही. गुमोक शंभरदा चढली होती. त्या दिवशी तिचा डावा पाय कापला. चटईवर रक्त. गावातल्या अकरा बायका बघत होत्या. तेवढ्यात माझ्या अंगात सेनापती आला आणि माझ्या तोंडून बोलला, हिचं मन मळलंय, मी हिला सोडलं.

त्यानंतर तिच्याकडे कोण येणार? महिन्याभरात ती घर सोडून गेली.

मिरानने पेन थांबवून विचारलं, "आई, पाती धारेला कोण लावतं?"

"मी."

"आणि बांधतं कोण?"

"मीच. शुद्ध असेल तिनेच हात लावायचा असतो."

ती पेन धरून वाट बघत बसली. तिला ही सवय चर्चमधून लागली असावी.

आज एवढंच.

नववा महिना, बारावा दिवस

मिरान, आधी हे लिही, की हे ऐकून तू पेन खाली ठेवणार नाहीस.

त्या देवकार्याच्या दोन दिवस आधी फोन आला होता. थेसिकचा बाप वारला. थेसिक चार वर्षांचा असताना, माझ्या अंगात पहिल्यांदा आलं त्या वर्षी, तो घर सोडून गेला होता. चेटकिणीच्या हातचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणाला. शहरात दुसरा संसार केला. फोनवरचा माणूस म्हणाला, थेसिकला कळवा. मी थेसिकला कळवलं आणि वर सांगितलं, तो आपला कुणी नव्हता, तू जायचं नाहीस. एकोणचाळीस वर्षांचा माणूस. हो म्हणाला आणि इंजिनाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी गुमोकला सांगितलं, सुकी मासळी आणायला बाजारात जाते. बसने पूल ओलांडला, दोन बस बदलल्या, आणि दवाखान्याच्या तळघरातल्या सुतकाघरात, जिथे त्याला ठेवलं होतं आणि लोक भेटायला येत होते, तिथे गेले.

मिरान, तू चर्चवाली, तुला कळायचं नाही म्हणून सांगते. देवकार्य ठरलेल्या भगतिणीने सुतकाच्या दारातून आत जायचं नसतं. रस्त्यात प्रेतयात्रा आली तरी आम्ही तोंड फिरवतो. आमच्यात हे पोरांनाही माहीत असतं. मी आत गेले. नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या बैठ्या मेजाशी बसले आणि सुतकाघरी देतात ते लाल रश्श्याचं सूप प्यायले. चांगलं होतं. दुसरी वाटी मागून घेतली.

घरी येऊन फाटकाशी अंगावर मीठ टाकलं, आंघोळ केली. वाटलं, माझी नजर म्हातारी झाली तशी सेनापतीचीही झाली असेल. सकाळी तोंडात कागद धरून, म्हणजे पात्यांवर श्वाससुद्धा पडू नये म्हणून, याच हातांनी पाती धारेला लावली आणि बांधली.

विटाळ माझा होता. पाय तिचा कापला. आणि मी बोलले ते सेनापतीच्या तोंडून.

मिरानने पेन खाली ठेवलंच. मग उचललं. म्हणाली, "लिहिते." तिचं अक्षर आता बदललं असेल तर मला ते कळायचं नाही.

नववा महिना, पंधरावा दिवस

आमच्या बेटाच्या मासळीबंदरावर गेले. शरदातली कोळंबी खारवायचा हंगाम आहे, घाट सगळा मिठाने पांढरा. गुमोक तिथे पिंपांमध्ये कोळंबी आणि मीठ थरावर थर भरत होती. रबरी बूट, डोक्याला फडकं. डावा पाय टाकताना अजून थोडी झुकते.

"अरे वा," ती म्हणाली. "सेनापतींची आई. कोळंबी हवी की भविष्य?"

"भविष्य तू सांगतेस अजून?"

"नाही. कोळंबी विकते. ती खोटं बोलत नाही."

मी सांगितलं. सूप, मीठ, पाती, सगळं. ती पिंप भरत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी सकाळी तुमचा कोट मी खुंटीला लावला. त्याला सुतकाघरच्या उदबत्तीचा वास होता. अकरा वर्षं मी तुमचे कपडे धुतलेत, आई."

"मग चढलीस कशाला?"

"तुम्ही थांबवाल वाटलं. पात्यांवर चढायच्या पायऱ्यांपाशी थांबवाल वाटलं. मग वाटलं, एक पाय ठेवेपर्यंत नक्कीच थांबवाल." तिने मिठाचा हात झटकला. "तुम्ही हात चोळत होतात. डोळे मिटून."

घाटावर एक बाई वजनावरून भांडत होती, आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

शेवटी मी विचारलं ज्यासाठी गेले होते. माझं शरदातलं करशील का. तीन वर्षं कुणी मला विचारलं नाही, कसं चाललंय म्हणून.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "देव गेले हो माझे. तुम्ही म्हणालात म्हणून गेले नाहीत. मीच म्हटलं, जा आता. हल्ली नऊ वाजता झोपते ती सहाला उठते. ते मी कुणासाठी मोडणार नाही."

मी उठले. तिने हाक मारली.

"त्या अकरा बायकांना सांगा. मी त्यांच्यासमोरून रोज जाते. अजून माझ्या पायाकडे बघतात."

"सांगते. देवकार्याला सगळ्या येतीलच, तेव्हा..."

"सेनापतीच्या तोंडून नाही," ती म्हणाली. "तो बोलला की बायका रडतात, कपाळ टेकतात, आणि घरी जाऊन जेवतात. तुमच्या तोंडाने सांगा. या साध्या कोटात."

नववा महिना, अठ्ठाविसावा दिवस

बरेच दिवस सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. नवा तांदूळ दळून आणला. देवकार्य होणार नाही, गाणारं कुणी नाही. मी एवढंच ठरवलं की तिसऱ्या दिवशी तांदळाचे वाफवलेले केक देवांपुढे ठेवायचे, अकराजणींना बोलवायचं, आणि बोलायचं.

मोकळ्या खोलीत बोलून बघितलं. "पाप माझं होतं," असं म्हटलं. कुणाचा तरी बारीक, चिरका आवाज होता. मांजरसुद्धा वळलं नाही. चाळीस वर्षांत जी काही अवघड गोष्ट मी कुणाला सांगितली, ती देवाच्या आवाजात सांगितली. तुमचा नवरा दुसरीकडे जातो, हे. तुमच्या मुलाला हा रोग बरा होणार नाही, हे. माझा स्वतःचा आवाज मी भाजीच्या भावापुरता वापरला.

दहावा महिना, तिसरा दिवस

सगळ्या आल्या. गिरणीवाली, न्हाव्याची बायको, नव्वदीची किम आजी, सगळ्या. मी साधा करडा कोट घातला होता. घुंगरं पेटीत, पेटीला कुलूप. केक वाटले. म्हटलं, "तीन वर्षांपूर्वीचं एक सांगायचंय."

एवढं माझ्या तोंडाने म्हटलं, हे नक्की.

मग कुठेतरी आवाज खाली गेला. पोटातून यायला लागला. मान मागे गेली. ऐका रे ऐका, सेनापती बोलतोय, या म्हातारीने सुतकाघरचं अन्न खाल्लं. सगळं बोलला, एक शब्द गाळला नाही. बायका हुंदके देऊन रडल्या. गिरणीवालीने जमिनीला कपाळ लावलं. न्हाव्याच्या बायकोने देवापुढे संत्री ठेवली. सेनापतीचं मन केवढं मोठं, म्हणाल्या, आणि केक बांधून घेऊन घरी गेल्या.

तो आला की मी त्याला आणलं, हे मला सांगता येत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच सांगता येत नाही.

मिरान देवघराच्या उंबऱ्यात उभी होती. सोळा वर्षांत तिथवर कधी आली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "हे झालं नाही."

दहावा महिना, सहावा दिवस

तीन दिवस घरोघर फिरले. नर्सबाईच्या कागदातलं चालणं आपोआप झालं.

गिरणीवाली म्हणाली, "अहो, परवा सेनापती बोलले ना? आता पुन्हा कशाला?"

"परवा सेनापती बोलले. आज मी बोलते. गुमोकचं मन मळलेलं नव्हतं. मी तिच्यावर ढकललं, कारण मला माझी लाज वाटली."

तिने दारावर हात टेकला. मग म्हणाली, "म्हणजे ते बोलणं सेनापतीचं नव्हतं. मग माझ्या पोराचं लग्न मोडायला सांगितलंत, ते कुणाचं होतं?"

तिने मला चहा दिला नाही आणि दार लावून घेतलं. ती आता येणार नाही. येऊही नये.

न्हाव्याची बायको हसली. म्हणाली, "सत्तरीत जुन्या नवऱ्याला बघायला गेलात, मावशी? कोणते नवे कपडे घालून?" तिच्या हसण्याने मला बरं वाटलं, आणि रस्त्यावर आल्यावर वाटेनासं झालं. किम आजीला ऐकू येत नाही, तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, म्हणजे गल्लीने ऐकलं. ती म्हणाली, "ती पोरगी चांगली होती. माझी नखं कापायची."

तेवढं सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी मिरानच्या फोनवर गुमोकचा निरोप आला. मिरानने वाचला. "ऐकलं." बाकी काही नाही. मी विचारलं, खाली अजून काही असेल, नीट बघ. नव्हतं.

छातीत अजून धडधडतं. मला वाटलं होतं आता थांबेल. मिरानला म्हटलं, "बघ, नर्सबाईचा कागद खोटा. अकरा घरं झाली."

"बारावं आपलं आहे," मिरान म्हणाली.

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "तुला तर सगळ्यात आधी सांगितलं."

"मला नाही हो." तिने वही मिटली. "मी तीन आठवडे नवऱ्यापासून लपवते आहे. मी सांगणार नाही, ते तुमचं आहे. पण न्हाव्याच्या दुकानात तो दर शनिवारी दाढी करतो."

दहावा महिना, नववा दिवस

काल थेसिक आला तो थेट घरी, दाढी न करता. मिरानने फोन करून काहीतरी कारण सांगितलं असावं. आज दुपारी ती चर्चमध्येच रेंगाळली. तो ओसरीवर सुकवायची तेंदूफळं सोलत बसला होता. मी शेजारी बसले आणि देठाला दोरी बांधायला घेतली.

म्हटलं, "तुझ्या बापाच्या मयताला मी गेले होते."

सुरी थांबली नाही. साल लांबच लांब उतरत राहिली.

"मला जाऊ नको म्हणालीस."

"हो."

"आणि तू गेलीस."

"हो."

मला वाटलं तो ओरडेल. मी त्याची तयारी करून बसले होते. त्याने फळ टोपलीत ठेवलं, दुसरं घेतलं आणि विचारलं, "फोटो कोणता लावला होता?"

मी सांगितलं. टोपी घातलेला, डोंगरावर कुठेतरी काढलेला, डोळे बारीक केलेला. "हसत होता?" उन्हामुळे तसं वाटत असेल, म्हटलं. फुलं पांढरी होती, पुष्कळ होती. लोक फार नव्हते. बायको लहानखुरी होती, रडून तिचा आवाज बसला होता, तिनेच मला दुसरी वाटी वाढली.

"मुलं?"

"दोघं. दंडाला सुतकाच्या पट्ट्या. धाकट्याचे कान तुझ्यासारखे."

"कसे उभे होते?"

"कसे म्हणजे? ओळीने."

"फोटोच्या बाजूला जागा सोडली होती का? थोरल्या मुलाची असते ती."

मी बघितलं नव्हतं. मी फोटोकडे बघत होते.

त्याने सुरीचं पातं पुसलं. मग म्हणाला, "दाराशी फळा असतो. नावं लिहिलेला. मुलगे, सुना, नातवंडं."

"होता. काळा. मी त्याच्याजवळच चपला काढल्या."

"माझं नाव होतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाचता येत नाही हे तो विसरला होता, की त्याला मुद्दाम आठवायचं नव्हतं, कोण जाणे. त्याने सालींखालचा वर्तमानपत्राचा तुकडा ओढला, खिशातलं पेन काढलं आणि त्यावर तीन अक्षरं काढली, मोठी, शाळेतल्या पोरासारखी. माझ्यापुढे धरली.

"असं होतं का काही? सगळ्यात वर?"

समोर बसलेल्या माणसाला कोणतं उत्तर हवंय हे चेहऱ्यावरून ओळखायचं, चाळीस वर्षं मी हेच केलं. तेवढं एक वाचन मला येतं. त्याला काय हवं होतं हे आंधळीलाही कळलं असतं. होतं म्हटलं असतं तर त्याच्या तोंडावर रंग आला असता. सेनापती असता तर म्हणाला असता, आणि कोणत्या रंगाच्या खडूने लिहिलं होतं तेही सांगितलं असतं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "डोळ्यांसमोर होतं. पण मला सगळी अक्षरं सारखी दिसतात."

त्याने मान हलवली.

"त्यांना विचार," मी म्हटलं. "नंबर काढता येईल."

"तीन वर्षांनी काय म्हणून विचारू?"

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग उरलेली फळं सोलली. साठ-सत्तर असतील. एकाचीही साल तुटली नाही. मी दोऱ्या बांधत राहिले. चारच्या बसने गेला. एरवी सातच्या बसने जातो. फाटकाशी वळून म्हणाला, "थंडी पडायला लागलीय, आत बस."

मिरान आली. मी तिला सगळं सांगितलं, तिने सगळं लिहिलं. मग मी म्हटलं, यात थेसिकचं नाव कुठे आहे, दाखव.

तिने माझं बोट धरून पानावर ठेवलं. इथे. मी बघितलं. शेवटच्या अक्षराला खाली एक वळण आहे.

"अजून कुठे?"

तिने मागची पानं उलटली. इथे. इथे. हे बघा, इथे दोनदा. पहिल्या दिवशीच्या पानापर्यंत गेलो. मी एवढ्या वेळा त्याचं नाव घेतलं हे मला माहीत नव्हतं. शेवटी शेवटी ती पान उलटायची आणि तिने दाखवायच्या आधी माझं बोट तिथे जायचं.

आता मला ते ओळखता येतं. तो फळा हातभर अंतरावर होता, आणि मी त्याला हात टेकून चपला काढल्या.